वाया न गेलेल्या वस्तू

आमच्या घरात विकत आणलेली एकही वस्तू वाया गेली नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही. सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, म्हणून इथून करतो आहे. मिक्सर माझ्या लग्नापर्यंत चालला. कपडे धुण्याचं मशीन त्याच्याही पुढे. आणि घरघंटी, म्हणजे घरातल्या घरात दळायची ती कपाटासारखी गिरणी, अजून माझ्याकडे आहे. परवाच तिच्यावर ज्वारी दळली. पट्टा दोनदा बदलला असेल, बाकी तक्रार नाही. बाबांनी निवडलेली वस्तू होती ती, आणि बाबांची निवड चुकत नसे.

बाबा कोयलीला रिफायनरीत होते, पाळीवर. कधी पहाटे जायचे, कधी दुपारी. बडोद्याच्या वाडी भागातल्या एका पोळात, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या जुन्या गल्लीत, आम्ही राहायचो. पुढची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे नळ आणि धुण्याचा दगड असलेला छोटासा चौक, एवढंच घर. माणसं तीन: बाबा, मी आणि इंदूआत्या. आई मी बालवाडीत असताना गेली. तिच्या दिवसांना म्हणून आलेली आत्या परत गेलीच नाही. परत जाण्यासारखं तिला कुठे नव्हतंही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं. का, ते मला कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून ती या भावाकडून त्या भावाकडे असायची. थोरला भाऊ डभोईला, धाकटा, म्हणजे माझे बाबा, बडोद्याला. कुणाचं बाळंतपण, कुणाचं दुखणं, कुणाचं लग्नकार्य निघालं की आत्याची पिशवी भरली जायची. आमच्याकडे ती पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली आणि तिच्यात कांदे राहू लागले, तेव्हा मी समजलो की आत्या आता आमची.

त्या घराची सकाळ मला अजून आवाजांनी आठवते. बाबांची पहाटेची पाळी असली की कंपनीची बस नाक्यावर येऊन घरघरायची. ते गेले की आत्या पाट्यावर बसायची. दगडावर दगड फिरायचा तो खरखरीत आवाज मला अंथरुणातच सांगायचा की आज खोबऱ्याची चटणी आहे की तीळकुटाची. खोबऱ्याचा आवाज ओला असतो. मग चौकात धुणं. आत्या कपडे नुसते आपटायची नाही, त्यांच्याशी भांडायची. ‘‘किती मळवतोस रे कॉलर, कोळसे विकतोस का शाळेत?’’ हे शर्टाला उद्देशून असायचं. शेजारच्या हंसाबेन भिंतीपलीकडून विचारायच्या, ‘‘इंदुबेन, कोनी साथे लडो छो?’’ आणि आत्या ओरडून सांगायची, ‘‘आ पोराच्या शर्टाबरोबर!’’ गुजरातीत मराठी घालून बोलायची तिची एक रीत होती, आणि हंसाबेनना ती बरोबर समजायची. आठवड्यातून एकदा दोघी डोक्यावर डबे घेऊन पोळाच्या तोंडाशी असलेल्या गिरणीवर जायच्या. बडोद्यात सगळे तिला घंटीच म्हणतात. दळण व्हायला अर्धा तास लागला तरी आत्या दोन तासांनी यायची. केसांवर पीठ, पदरात कुणीतरी दिलेल्या शेंगा, आणि सांगायला सगळ्या पोळाच्या बातम्या.

तिच्या हातचं मी काय काय खाल्लं ते लिहायला बसलो तर हे प्रकरण संपणार नाही. आमची आमटी गुजराती डाळीसारखी गोडसर असायची, कारण हंसाबेननी तिला गूळ घालायची सवय लावली होती. पण भाकरीबरोबर लसणाची चटणी अशी असायची की डोळ्यांत पाणी यावं. शाळेतून आलो की दाराशीच विचारायची, ‘‘काय रे, मास्तरानं मारलं की वाचलास?’’ मारलं असेल तर लाडू, वाचलो असेन तरी लाडू.

आत्याचा खांदा दुखायला लागला, तिथून वस्तू यायला लागल्या.

बाबांची वस्तू घ्यायची पद्धत साऱ्या पोळाला ठाऊक होती. दुकानात ते अगदी शेवटी जायचे. आधी, ती वस्तू ज्यांच्याकडे वर्षभर तरी वापरात आहे अशी घरं शोधायची. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, मला बरोबर घेऊन त्या घरी जायचं. पुरुषाशी हवापाण्याचं बोलायचं आणि चहा आला की घरातल्या बाईला विचारायचं: ‘‘ताई, खरं सांगा हं, रोज वापरता का? आवाज किती? भांडं गळतं का?’’ अशी पाच-सहा घरं झाली की मग खरेदी. आत्या हसायची. ‘‘तुझा बाप दुकानदाराचं ऐकत नाही, दुकानदाराच्या गिऱ्हाइकाच्या बायकोचं ऐकतो.’’ मला त्या फेऱ्या फार आवडायच्या. प्रत्येक घरी चेवडा मिळायचा, आणि मी बाबांसारखाच गंभीर चेहरा करून झाकणं उघडून पाहायचो.

पहिल्यांदा मिक्सर आला. आत्यानं त्याला कुंकू लावलं, हळूच बटण फिरवलं आणि दचकून मागे सरली. मग स्वतःवरच इतकी हसली की डोळे पुसावे लागले. ‘‘अग बाई, खोबरं बघ कसं लोण्यासारखं!’’ हे ती मनापासून म्हणाली. तिला वस्तूंचा राग नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढे मी काही दिवस स्वतःला तसं समजावून पाहिलं होतं. हंसाबेनना तिनंच मिक्सर शिकवला. पाटा धुऊन चौकातल्या भिंतीला उभा करून ठेवला, आणि सकाळी मला चटणीच्या आवाजानं जाग येईनाशी झाली, एवढाच काय तो फरक.

पुढच्या वर्षी कपड्यांचं मशीन आलं, दोन टाक्यांचं. एका टाकीत धुवायचे, दुसरीत पिळायचे. आत्याला ते लगेच जमलं. पण मशीन चालू करून दुसरीकडे जाणं तिला जमेना. ती पाट मांडून मशीनसमोर बसायची, टकटकणारी चकती शून्यावर येईपर्यंत. मी एकदा विचारलं, ‘‘आत्या, बसून काय राहतेस? ते त्याचं त्याचं करतंय.’’ ‘‘अरे, कपडे आपले नं? त्याला काय ठाऊक कॉलर कुठली न् कफ कुठला?’’ मी हसलो. तीही हसली. पण भिंतीपलीकडून हंसाबेन काही विचारेनाशा झाल्या, कारण मशीनशी कुणी भांडत नाही.

आणि मग घरघंटी. ती माझी हौस होती. मी अकरावीत होतो. वर्गातल्या एका मित्राच्या घरी ती पाहिली होती आणि महिनाभर बाबांच्या मागे लागलो होतो. आत्याच्या डोक्यावर तो पितळी डबा पाहिला की मला लाज वाटायची, हेही खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. तिला पायऱ्या चढताना धाप लागायची आणि मला ते बघवत नसे. बाबा आणि मी तीन रविवार फिरलो. कितीतरी घरच्या बायकांना आम्ही विचारलं, दळण गरम येतं का, जाळी बदलायला सोपी का, बाजरी कडू होते का. आमच्या घरातल्या बाईला मात्र तुला हवी आहे का म्हणून कुणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तिच्यासाठीच तर घेत होतो.

मी पुढे आयुष्यभर हाच धंदा केला. मांडवीजवळच्या एका दुकानात मी घरगुती वस्तू विकतो. लोक म्हणतात, काका खोटं सांगत नाहीत. घेण्यासारखं असेल तर घ्या म्हणतात, नसेल तर नको. मी खरंच खोटं सांगत नाही. पण कुणी आईसाठी किंवा सासूसाठी काही घ्यायला आलं की माझ्या तोंडून निघून जातं, ‘‘त्यांना विचारलंत?’’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘सरप्राइज आहे.’’ मी बिल करतो.

हातगाडीवरून घरघंटी आली तेव्हा पोळातली मुलं मागून धावत आली होती. बाबांनी ती पुढच्या खोलीत कोपऱ्यात बसवली. मी गहू ओतले, कळ दाबली आणि खालच्या डब्यात पीठ पडायला लागलं, ऊबदार, मऊ. मी मूठभर घेऊन आत्याच्या पुढे धरलं आणि अक्षरशः उडी मारून म्हणालो, ‘‘आत्या, आता तुला काही म्हणजे काही काम उरलं नाही!’’

‘‘खरंच रे,’’ आत्या म्हणाली. तिनं बोटांच्या चिमटीत पीठ चोळून पाहिलं. ‘‘छान बारीक आलंय.’’

त्यानंतरचे महिने मी मनात इतक्या वेळा उलटून पाहिले आहेत की आता त्यातलं खरं किती आणि माझ्या खंतीनं भरलेलं किती, ते सांगता येत नाही. एवढं नक्की आठवतं की ती निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागली. रुमालांना इस्त्री करायला लागली. चकचकीत पितळी डबे पुन्हा चिंच लावून घासायला लागली. हंसाबेन गिरणीला निघताना खिडकीतून हाक मारायच्या, ‘‘चालो, इंदुबेन?’’ आत्या म्हणायची, ‘‘आमच्याकडे घरात आहे ने आता.’’ एकदा ती नुसतीच त्यांच्याबरोबर गेली, डबा न घेता. लगेच परत आली. ‘‘हातात दळण नसताना तिथं उभं राहायला बरं दिसत नाही,’’ म्हणाली.

आणि तिचे उपास वाढले. सोमवार होताच, मग गुरुवार आला, मग शनिवार. उपास नसेल त्या दिवशी ती एक पोळी कमी घ्यायची. ‘‘भूक कुठे लागते रे आता? अंग हलत नाही,’’ असं ती म्हणायची आणि ते मला पटायचं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला काय नाही पटत? फुकटचं खाणं हा शब्द तिच्या मनात होता, हे समजायला मला स्वतःला रिकाम्या घरात बसावं लागलं.

होळी झाली आणि डभोईहून भाऊकाका आले. काकू चौकात घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. घरात दोन सुना, त्यातली एक बाळंतपणाला माहेरी. वर लहान पोरं. काका चहा पीत सगळं सांगत होते आणि त्यांची नजर घरभर फिरत होती. बडबडे गृहस्थ, मनात काळं नव्हतं त्यांच्या. म्हणाले, ‘‘अरे वा, तुझ्याकडे सगळं बटणावर! इंदूची मजा आहे. दिवसभर हिंचक्यावर झुलत बसायचं आणि बटणं दाबायची, काय इंदू?’’

बाबा म्हणाले, ‘‘बसू दे की, भाऊ. जन्मभर राबली आहे.’’

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, ‘‘मी येते भाऊ डभोईला. इथं तसं माझ्यावाचून काही अडत नाही.’’

मोठ्या भावाला नाही म्हणायला बाबांना नेहमीच वेळ लागायचा. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तिला जायचं आहे आणि माझी काळजी वाटते म्हणून ती पाय मागे घेते आहे. मला मोठं व्हायचं होतं. मी म्हणालो, ‘‘जा आत्या, बिनधास्त जा. आमचं होईल. सगळं मशीनवरच तर होतं.’’

भाऊकाका खूश झाले. ‘‘शाबास! हा बघ, कसा तयार झालाय!’’ आत्याही म्हणाली, ‘‘हो ना, झाला की मोठा.’’ मग ती आत गेली आणि खुंटीवरची पिशवी काढून तिच्यातले कांदे टोपलीत ओतले. तो आवाज मी पुढच्या खोलीतून ऐकला.

आमचं खरोखर झालं. हीच तर गोष्ट आहे. काही अडलं नाही. बाबा पोळ्या लाटायला शिकले, मी कुकर लावायला शिकलो. कपडे धुतले जायचे, चटणी वाटली जायची, पीठ संपायच्या आत दळलं जायचं. बाबांची दुपारची पाळी असली की मी शाळेतून येऊन कुलूप उघडायचो आणि चपला काढता काढता थांबायचो, कारण इथं कुणीतरी काहीतरी विचारायचं असतं. मग मी उगाचच मशीन लावायचो, दोनच शर्ट असले तरी, आणि पाट मांडून समोर बसायचो. चकती टकटकत शून्यावर यायची. त्यानंतर घरात जी शांतता पडायची तिच्याइतकी मोठी वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. बाबा येऊन जेवायचे. ‘‘मीठ बरोबर आहे,’’ म्हणायचे. मी ‘‘हो’’ म्हणायचो. दोघांनाही एकच बोलायचं होतं आणि दोघेही दुसऱ्यानं बोलावं म्हणून वाट पाहत होतो.

शेवटी एका रविवारी मी बाबांना न सांगता डभोईची बस पकडली.

भाऊकाकांच्या दारात शिरायच्या आधीच मला आत्याचा आवाज ऐकू आला. ‘‘ए, ओल्या पायांनी आत आलास तर तंगडं मोडीन!’’ कितीतरी महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मागच्या अंगणात ती हातपंपापाशी धुण्याच्या ढिगाऱ्यात बसली होती. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत लाल झालेले, बोटांना चिरा. वाळलीही होती. आतून काकू पलंगावरून विचारत होती, ‘‘वन्सं, आमटीत काय घालायला सांगू सूनबाईला?’’ आणि आत्या तिथूनच सांगत होती. त्या घरात तिच्यावाचून पान हलत नव्हतं. मला बघून ती उठली, ओले हात झटकले आणि माझ्या तोंडावरून फिरवले.

‘‘काय रे, मास्तरानं मारलं की वाचलास?’’

जेवण झाल्यावर ती भांडी घासायला बसली आणि मी शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, ‘‘आत्या, चल ना परत.’’

तिचा हात थांबला. ‘‘का रे? काय झालं? दादाला बरं नाही?’’

‘‘नाही, ते बरे आहेत.’’

‘‘मग मशीन बिघडलं?’’

हा प्रश्न तिनं ज्या आवाजात विचारला तो मी विसरू शकत नाही. त्यात काळजी नव्हती. आज मला वाटतं, ती आशा होती. मी हो म्हणायला हवं होतं. घंटी बिघडली, बाबांना माझ्या हातचं जात नाही, मी नापास होतो आहे, काहीही चाललं असतं. ती त्याच बसनं आली असती. पण मी प्रामाणिक मुलगा होतो, आणि तिला कामाला न्यायला आलो आहे असं तिला वाटू नये, याची मला फार काळजी होती. मी म्हणालो, ‘‘नाही गं, सगळं मस्त चालतंय. काहीच अडलेलं नाही. तुला काही करायचं नाही तिथं. तू नुसती ये आणि बस.’’

आत्यानं राखेत बुडवलेला काथ्या पुन्हा उचलला आणि पातेलं घासायला घेतलं.

‘‘नुसतं बसायला कोण येतं रे कुणाच्या घरी,’’ ती म्हणाली, अगदी मायेनं. ‘‘येईन मी. भाऊबीजेला येईन.’’

ती भाऊबीजेला आली. मी नाक्यावर घ्यायला गेलो होतो. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, हातात मिठाईचा पुडा होता. पोळात शिरताना हंसाबेननी ओट्यावरून कधी आलात म्हणून विचारलं, ‘‘आवो आवो, क्यारे आव्या?’’ बाबांनी पुढच्या खोलीतली खुर्ची पुसली आणि आत्या तिच्यावर बसली. त्या खुर्चीवर मी तिला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. मी चहा केला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, चांगल्या कपबश्या काढल्या. ती म्हणाली, ‘‘छान झालाय हं चहा.’’ घरघंटीवरून तिनं हात फिरवला, ‘‘अजून नव्यासारखी ठेवलीत.’’ बाबा म्हणाले, ‘‘वस्तू चांगली निघाली, इंदू.’’ ‘‘तुझी वस्तू वाईट कशी निघेल, दादा?’’ मग ओवाळायची वेळ झाली, ताम्हण हवं होतं, आणि ती उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. तिथं थांबली. मागे वळून तिनं मला विचारलं, ‘‘आत येऊ ना? पसारा नाही ना काढलेला?’’

मी म्हणालो, ‘‘ये की, आत्या.’’ बाबा भिंतीकडे बघत राहिले.

दोन दिवस राहून ती निघाली. पिशवी मीच उचलली होती. दारात चपला घालताना तिनं कमरेचा बटवा सोडला, एक घडी केलेली नोट काढली, माझी मूठ उघडली आणि त्यात ठेवून बोटं मिटली. ‘‘खाऊला घे.’’ मी लहान असल्यापासून घरी येणारे जाणारे काका, मामा, बाबांचे मित्र असे निघताना माझ्या हातावर पैसे ठेवायचे. आत्यानं इतक्या वर्षांत कधी ठेवले नव्हते. घरातलं माणूस कशाला ठेवेल? मी ‘‘नको, नको’’ म्हणालो, कारण आधी नको म्हणायचं असतं. मग घेतले, आणि पाहुण्यांनी पैसे दिले की काय करायचं ते तिनंच मला लहानपणी शिकवलं होतं, त्याप्रमाणे वाकून तिच्या पाया पडलो.